विहीर बुजवणारा रवळू

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका, कारण पांढरवाळ बेटावर जुन्या गोष्टीला वर्षं लावायची पद्धतच नाही. तिथली माणसं म्हणतात, "माड गुडघ्याएवढे होते तेव्हाची." तर ही तेव्हाची.

पांढरवाळ बेट म्हणजे भर समुद्रात पडलेली वाळूची एक मूठ. किनाऱ्यावरून शीड उभारून निघालं तर दोन दिवसांनी दिसतं, आणि तेही नाखवा शुद्धीवर असेल तर. डोंगर नाही, ओढा नाही. एका टोकाला उभं राहून हाक मारली तर दुसऱ्या टोकाचा माणूस "ओ" देतो. दगड म्हणावा असा दगड एकच, तोही वेळाई देवीचा, म्हणजे त्याला हात लावायची सोय नाही. बावीस घरं, पाचपन्नास शेळ्या, मोजता येणार नाहीत इतके माड, आणि गावाच्या मधोमध एक विहीर. चहूबाजूंनी खारं पाणी आणि मधे ही एवढीशी गोड विहीर. आता हे कसं काय, ते तिथल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. आहे ना गोड? मग प्या.

या बेटावर रवळू आला तो विहिरीतला गाळ काढायला. त्याचं गाव तिकडे किनाऱ्यापलीकडच्या तांबड्या मातीतलं, आणि धंदा विहिरी खणायचा. सातआठ दिवसांचं काम, पण साळूमायची एकुलती एक लेक तानी रोज त्याला न्याहारी घेऊन यायची, आणि मग काय, गाळ काही संपेना. शेवटी साळूमायनंच लग्न लावून दिलं आणि जावई घरातच ठेवून घेतला. साळूमाय विधवा, म्हातारी, जिभेची तिखट आणि मनाची लोण्याहून मऊ.

घरजावई म्हटल्यावर गावाला काय, आयताच विषय मिळाला. लहानथोर सगळे त्याला जावईबापू म्हणायचे आणि म्हणताना हसायचे. हसतील नाही तर काय करतील? होडीत बसवला की याच्या पोटात ढवळायचं. माडावर चढवला की अर्ध्यात डोळे मिटून खोडाला मिठी मारायचा. माणूस खालून ओरडून ओरडून दमायचा, पण हा ना वर जाई ना खाली येई. त्याला येत होतं काय, तर खणायला. आणि एका विहिरीच्या बेटावर खणणाऱ्याला काम ते काय असणार? रवळू हसण्यावारी न्यायचा, पण आतून त्याला लागायचं. आपण या गावात फुकट खातोय असं त्याला रोज वाटायचं.

मग एक वर्ष असं आलं की पावसानं लवकर पाठ फिरवली. माघ संपता संपता घागर विहिरीच्या तळाला टेकायला लागली. गावाचे प्रमुख होते भागोजी तांडेल. त्यांनी रवळूला बोलावलं. म्हणाले, "जावईबापू, विहीर हातभर खोल करायची. हातभरच. त्याखाली जायचं नाही, असं आमच्या आजोबांनी सांगून ठेवलंय."

रवळूनं विचारलं, "का बरं?"

 आजोबांनी जायचं नाही एवढं सांगितलं होतं, पण का ते सांगायचं राहून गेलं होतं. मोठी माणसं असंच करतात बघा, नियम ठेवून जातात आणि कारण बरोबर घेऊन जातात.

ओहोटी बघून विहिरीतलं होतं नव्हतं ते पाणी उपसलं आणि रवळू पहार घेऊन खाली उतरला. सगळं गाव काठावर वाकून बघत होतं. हातभर खणून झालं. तळाला शिंपल्यांचा घट्ट थर लागला आणि त्यातून पाणी पाझरलं ते एखाद्या म्हाताऱ्याच्या डोळ्यातून येतं तितकं. वरून कुणीतरी ओरडलं, "जावईबापू, विहिरीत पण गरगरतं का हो?" सगळे खदखदून हसले. तानीसुद्धा हसली, आणि तेच रवळूला झोंबलं.

त्याच्या तांबड्या मातीत एकच गोष्ट शिकवतात. पाणी कमी झालं तर आणखी खाली जा, पाणी खालीच असतं. त्यानं पहार उचलली आणि तो थर फोडला. एक हात, दोन हात, चार हात गेला. आणि असं म्हणतात की विहिरीनं मोठा श्वास घेतल्यासारखा आवाज झाला आणि पाणी उसळून वर आलं. रवळूच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, बघता बघता त्याला तरंगत वर यावं लागलं.

तांडेलांनी हात देऊन त्याला काठावर घेतलं आणि विचारलं, "हातभर ना रे?"

रवळू म्हणाला, "हातभरच."

पाणी गोड होतं. मग कोण कशाला शंका घेतोय? गावानं त्याला खांद्यावर घेतलं. पुढचे नऊ दिवस पांढरवाळ बेटावर सण होता म्हणा ना. घागरी काठोकाठ भरल्या, भोपळ्याच्या वेलांना पाणी मिळालं, शेळ्यांना आंघोळी घातल्या. शेळ्यांना ते अजिबात आवडलं नाही, पण ऐकतो कोण. तानीनं कित्येक दिवसांनी मोकळ्या हातानं केस धुतले. तिला सहावा महिना लागला होता, आणि ती शेजारणींना सांगत सुटली, "आमच्या ह्यांचा हातगुण." सगळे जावईबापूच म्हणत होते, पण आता हसत नव्हते. आणि रवळू? रवळू सुखात होता हो. फक्त जेवायला बसला की ते "हातभरच" घशाशी यायचं, आणि मग त्याला घास जायचा नाही.

दहाव्या दिवशी सकाळी साळूमायनं पेजेचा पहिला घोट घेतला आणि वाटी खाली आपटली. "तानी! दोनदा मीठ घातलंस?"

तानी म्हणाली, "दोनदा कुठलं, मी अजून घातलंच नाही."

"मग काय समुद्र येऊन घालून गेला?"

दोघींची जुंपली. आणि जुंपली ती एकाच घरात नाही. शेजारच्या घरात नवरा बायकोवर ओरडत होता, पलीकडे सून रडत होती, तांडेलांच्या दारात तर वाटी अंगणात येऊन पडली. त्या दिवशी बावीसच्या बावीस घरांत पेजेवरून भांडण होतं. हळूहळू एकेक घर गप्प झालं. एकमेकांची भांडणं कानावर पडली आणि सगळ्यांना उमगलं. मग सगळं गाव विहिरीवर आलं. रवळू सगळ्यांच्या मागे उभा राहिला. 

तेराव्या दिवशी शेळ्यांनीही त्या पाण्यावरून तोंड फिरवलं.

आता प्यायचं काय? शहाळी. पण माणसं किती, शेळ्या किती, आणि माडावरची शहाळी अशी कितीक दिवस पुरणार? म्हणून गावानं देवीला कौल लावला. वेळाईच्या दगडावर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तांडेलांनी हात जोडून विचारलं, "माये, आम्ही इथं राहावं असं तुझ्या मनात आहे का?" डावी कळी पडली.

मग ठरलं. फाल्गुनात पुनवेच्या सुमाराला वारा फिरतो आणि तीन दिवस पलीकडच्या किनाऱ्याकडे वाहतो. तो चुकला की पुढचे दोन महिने होड्या हलत नाहीत. त्या वाऱ्यावर सगळ्यांनी निघायचं, शेळ्यांसकट, देवीसकट. देवी उचलली की गाव उठलं. मग तिथे परत कुणी येत नाही, गवत येतं.

होड्यांना डांबर लागायला लागलं, तशी रवळूची झोप उडाली, भूक तर आधीच उडाली होती. एका दुपारी त्यानं पाहिलं, साळूमाय अंगणात बसून माडाचं एक रोपटं उपटत होती. तानीला दिवस गेले तेव्हा येणाऱ्या बाळासाठी म्हणून म्हातारीनं ते लावलं होतं. मुळांना ओलं फडकं गुंडाळत ती म्हणाली, "तिकडे लागेल का रे हे? आणि मला तरी तिकडे कोण ओळखणार? इथं मी साळूमाय आहे. तिकडे नुसती एक म्हातारी."

रवळूला रडू कोसळलं. पण बोलायचं धैर्य काही झालं नाही. काहीतरी मदत करावी म्हणून तो चुलीपाशी गेला. प्रवासात दिव्याला तेल हवं म्हणून साळूमायनं नारळाचं दूध पातेल्यात निवत ठेवलं होतं, वर साय धरायला. यानं आपला डाव घेतला आणि तळापर्यंत घालून ढवळायला सुरुवात केली.

साळूमायनं धावत येऊन त्याच्या हातावर फटका मारला. "अरे मेल्या, ढवळतोस काय! जे कामाचं आहे ते वर येऊन बसतं, खाली नुसतं पाणी. वरचं वर राहू द्यावं, खाली हात घालू नये."

रवळू पातेल्याकडे बघतच राहिला. मग डाव टाकून जो धावत सुटला तो थेट विहिरीवर.

त्यानं करवंटीला दोरी बांधली आणि अगदी हलक्या हातानं वरचं पाणी घेतलं. चाखलं. खारट होतं, पण समुद्राइतकं नाही. मग घागरीला धोंड्याऐवजी पहार बांधून ती तळापर्यंत सोडली आणि तिथलं पाणी चाखलं. ते निव्वळ समुद्राचं होतं. त्या क्षणी त्याला सगळं कळलं. पावसाचं गोड पाणी वाळूत मुरतं आणि बेटाखालच्या खाऱ्या पाण्यावर सायीसारखं तरंगत राहतं. तेवढ्यावर गाव जगत होतं, आणि आपण त्या सायीतून आरपार भोक पाडलं. तांडेलांच्या आजोबांनी सांगायचं राहिलेलं कारण त्याच्या जिभेवर होतं.

सगळं गाव किनाऱ्यावर होड्यांपाशी होतं. रवळू तिथे गेला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "तांडेलबाबा, मी हातभर नाही खणलं. चार हात खणलं. आणि तुमच्याशी खोटं बोललो. देवी रागावलेली नाही, हे माझं काम आहे."

 एकानं वल्हं उचललं, ते दुसऱ्यानं धरलं. तानीनं तोंडाला पदर लावला. भागोजी तांडेल म्हणाले, "म्हणजे आपण देवीला नको तो प्रश्न विचारला." मग रवळूकडे न बघता त्यांनी विचारलं, "यावर इलाज?"

"विहीर बुजवायची. आधीचा तळ होता त्याच्याही वर हातभर. मग तिला कुणी हात लावायचा नाही. गोड पाणी आपोआप वर येऊन बसेल."

लोकांना वाटलं, याचं डोकं फिरलं. घोटभर पाण्यासाठी जीव चाललाय आणि हा विहीर बुजवा म्हणतोय! पण तांडेल म्हणाले, "बुजव. तुझं तू बुजव. वारा येईपर्यंत आम्हाला तरी दुसरं काय करायचंय?"

किनाऱ्याची वाळू चालणार नव्हती, ती खारट. बेटाच्या मधल्या उंचवट्यावर माडांच्या मुळाशी वाळू होती, कित्येक पावसाळ्यांनी धुतलेली. रवळूनं टोपली डोक्यावर घेतली आणि ती वाळू वाहायला सुरुवात केली. बायका दारातून बघायच्या आणि म्हणायच्या, "विहिरीला मूठमाती देतोय बघा." तो मान खाली घालून टोपली ओतायचा आणि परत जायचा. असं म्हणतात की पहिल्या दिवशी त्यानं तीनशे टोपल्या टाकल्या आणि दुसऱ्या दिवशी चारशे. असं म्हणतात की ऊन फार झालं तेव्हा समुद्रावरची पाखरं थव्यानं आली आणि तो जाईल तिथे त्याच्या डोक्यावर सावली धरून उडत राहिली. खरं खोटं पाखरं जाणोत. पण त्याच्या येण्याजाण्यानं जी वाट पडली ती अजून आहे, आणि कितीही वादळ झालं तरी तिच्यावर वाळू साचत नाही, ही गोष्ट तुम्ही जाऊन बघू शकता.

तिसऱ्या दिवशी दुपारी विहिरीच्या अलीकडे वीस पावलांवर तो गुडघ्यावर बसला. टोपली सांडली. त्याला उठता येईना. तानी पोट सावरत निघाली, पण तिच्या आधी साळूमाय पोचली. म्हातारीनं ओंजळीनं वाळू परत टोपलीत भरली, टोपली स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि गावाकडे वळून कडाडली, "चूक त्याची असेल, पण विहीर कुणाची? बसा बघत! साठ वर्षांची मी वाळू वाहते आणि तुम्ही घाला मिशांना पीळ!"

झालं. मग कोण घरात थांबतंय? सुपं निघाली, हारे निघाले, कुणी धोतराच्या ओच्यात वाळू आणली. तांडेल स्वतः टोपली घेऊन आले. चौथ्या दिवशी दुपारपर्यंत विहीर इतकी उथळ झाली की शेळी काठावरून वाकून आत बघेल.

आणि त्याच दुपारी वारा फिरला.

होड्या पाण्यात उभ्या होत्या. देवी लाल फडक्यात बांधून तयार होती. माडावर शहाळी उरली होती ती मोजकी. तांडेल म्हणाले, "तीन दिवस वारा आहे. तीन दिवस वाट बघू. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी खारट असेल तर निघू." पहिल्या सकाळी साळूमायनं करवंटीनं वरचं पाणी चाखलं आणि थुंकली. दुसऱ्या सकाळी थुंकली. तिसऱ्या सकाळी थुंकली नाही, पण मान हलवली. लोक होड्यांत चढायला लागले, पण तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, अजून वारा पडायचं चिन्ह दिसत नाही, थांबू एक दिवस. चौथ्या दिवशीही वारा होता. पाचव्या दिवशीही होता. होड्यांचे दोर ताणून ताणून आवाज करत होते, पण वारा काही हटेना. असं म्हणतात की तीन दिवसांच्या वर कधी न थांबणारा तो वारा त्या वर्षी पांढरवाळच्या किनाऱ्यावर ताटकळत बसला होता, पाण्याची वाट बघत.

सातव्या सकाळी साळूमाय विहिरीवर वाकली. करवंटीभर पाणी घेतलं. एक घोट घेतला आणि डोळे मिटले. मग दुसरा घेतला. रवळूला वाटलं, आता आपला जीवच जाणार. म्हातारीनं सगळी करवंटी पिऊन संपवली, तोंड पुसलं, आणि घराकडे तोंड करून तिनं हाक दिली, "तानी! आज पेजेत मीठ घाल गं!"

तो ओरडा, ते हसणं, ते रडणं! कोण कुणाच्या गळ्यात पडलं याचा हिशेब नाही. तांडेल ओंजळीनं पाणी प्यायले आणि तसेच खाली बसून राहिले, दाढीवरून पाणी गळत होतं तरी पुसेनात. कुणीतरी धावत जाऊन देवीचं फडकं सोडलं. साळूमायनं रोपट्याच्या मुळांना गुंडाळलेलं ओलं फडकं काढलं आणि रोपटं पुन्हा मातीत लावलं. वारा तेवढ्यात पडला.

गर्दीतून एकाचं तोंड मात्र सुटलंच. "पण एवढं सगळं झालं ते कुणामुळे?" रवळूची मान खाली गेली.

भागोजी तांडेल उठले. म्हणाले, "त्यानं सांगितलं. त्यानं वाळू आणली. विषय संपला." मग त्यांनी करवंटी भरली आणि स्वतःच्या हातानं रवळूपुढे धरली. सगळं गाव बघत असताना रवळू ते पाणी प्यायला, आणि त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्या दिवशी तो दोन माणसांचं जेवला.

पुढे रवळू पुष्कळ जगला. होडीत त्याच्या पोटात शेवटपर्यंत ढवळत राहिलं आणि माडावर तो कधीच चढला नाही. पण गावात जन्मलेल्या प्रत्येक पोराला विहिरीवर नेऊन त्यानं नियम सांगितला आणि नियमाबरोबर कारणही सांगितलं. असं म्हणतात की तो मेला नाही. एका सकाळी टोपली घेऊन उंचवट्याकडे गेला, त्याची ती वाट संपेपर्यंत तानीला दिसत होता, आणि मग दिसेनासा झाला.

आजही पांढरवाळ बेटावर कुणाच्या हातून काही चुकलं, म्हणजे दुसऱ्याचं जाळं फाडलं, खोटं बोललं, सासूला वाकडं बोललं, भावाच्या माडाची शहाळी उतरवली, तर त्याला कुणी शिक्षा करत नाही. त्यानं रवळूच्या वाटेनं जायचं, उंचवट्यावरची टोपलीभर वाळू आणायची, विहिरीवर उभं राहून जे केलं ते मोठ्यानं सांगायचं आणि वाळू आत ओतायची. त्या वेळी जे तांडेल असतील ते म्हणतात, विषय संपला. त्यानंतर ती गोष्ट पुन्हा काढायची कुणाला मुभा नाही, भांडणातसुद्धा नाही, बायकोलासुद्धा नाही. इतकी वर्षं गाव चुकतंय, इतक्या टोपल्या पडल्या, तरी विहीर भरत नाही. ती वाळू जाते कुठे, ते तिथे कुणी विचारत नाही.

आणि एक राहिलंच. वाळू ओतून झाली की ज्याचं नुकसान झालं असेल त्यानंच पुढे व्हायचं, विहिरीतून करवंटीभर पाणी काढायचं आणि चुकलेल्याला आपल्या हातानं पाजायचं. तो पीत असताना यानं विचारायचं, "गोड आहे ना?" आणि त्यानं म्हणायचं, "गोड आहे." मग दोघं आपापल्या घरी जातात.